जुना टब : घासायचा, रंगवायचा, बदलायचा की काढायचा?



या सदरात आपण गळक्या नळांपासून ओल धरणाऱ्या भिंतींपर्यंत बरंच काही बोललो, पण बाथटबचा विषय कधी निघाला नाही. ‘आपल्या घरात टब कुठून आला?’ असं काही जणी म्हणतील. पण कोकणातल्या भगिनींनी जरा आठवून पाहावं. बोटीवरच्या आणि आखातातल्या कमाईवर ऐंशीच्या दशकात गावोगाव जी मोठी घरं उभी राहिली, त्यांतल्या काही न्हाणीघरांत आजही एकेक टब बसवलेला दिसतो. मुंबईतल्या जुन्या फ्लॅटांत तो आहे. दुबई, कुवेत, दोह्यात भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या फ्लॅटांत तर बहुतेक वेळा असतोच. गावाकडच्या त्या टबांना आता चाळीस वर्षं होत आली. चकाकी गेली, टवके उडाले, नळाखाली तांबडा ओघळ उतरला. त्याचं करायचं काय, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्याच माहेरी उभा राहिला. म्हणून या वेळी घरचीच गोष्ट सांगते. मीही त्यात एक चूक केली आहे, तीही सांगते.

अब्बांचा टब

आमचे मरहूम अब्बा बोटीवर सलून स्टुअर्ड होते. बावीस वर्षं त्यांनी साहेबलोकांच्या केबिनी आवरल्या आणि त्यांचे टब घासले. स्वतःच्या घरात टब असावा, एवढीच त्यांची हौस होती. १९८५ साली गावात चिऱ्यांचं घर बांधलं, तेव्हा मुंबईच्या दारूखान्यात, जिथे जुन्या बोटी तोडतात, तिथे जाऊन त्यांनी एका मोडीत निघालेल्या बोटीचा टब विकत घेतला. ओतीव बिडाचा, आतून पांढऱ्या इनॅमलचा. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. गावातली पोरं तो बघायला आली होती, त्यात मीही होते.

अब्बा सुट्टीवर आले की जुम्म्याच्या सकाळी टब भरून आंघोळ करायचे आणि नंतर तो स्वतः घासून पुसून ठेवायचे. अम्मीला हात लावू देत नसत. २०११ साली त्यांचा इंतिकाल झाला. त्यानंतर त्या टबात कोणी आंघोळ केली नाही. एप्रिल-मे महिन्यात विहीर तळाला गेली की त्यात पाणी भरून ठेवायचं, एवढाच त्याचा उपयोग उरला.

गेल्या वर्षी रमजान ईदला आम्ही सगळी भावंडं जमलो. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होण्याआधीच टबावरून वाद सुरू झाला. मुंबईचे मोठे भाई म्हणाले, काढून टाका, नवा ॲक्रिलिकचा आणू, पैसे मी देतो. कतारहून आलेला धाकटा म्हणाला, अब्बांची वस्तू आहे, रंगवून घेऊ. मग दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं, “तू मासिकात लिहितेस ना, तूच चौकशी कर.” मी केली. ती पुढे देते.

आधी टब कशाचा आहे ते बघा

दुरुस्तीचा सगळा हिशेब यावर ठरतो. फ्रिजवरचं एखादं चुंबक घ्या आणि टबाला लावून बघा. चिकटलं तर टब लोखंडाचा आहे. मग बोटाच्या पेराने ठोका. जड, बसका आवाज आला तर ओतीव बीड, पत्र्यासारखा खणखणीत आवाज आला तर दाबून घडवलेला पोलादी पत्रा. दोन्हींवर आतून इनॅमल असतं. इनॅमल म्हणजे भट्टीत सुमारे ८०० अंशांना लोखंडावर वितळवून बसवलेली काचच. ती कठीण असते, पण वर काही जड पडलं की टवका उडतो.

चुंबक चिकटलं नाही तर टब ॲक्रिलिकचा किंवा फायबरचा आहे. ॲक्रिलिकच्या पत्र्याचा रंग आरपार असतो, त्यामुळे बारीक ओरखडे घासून काढता येतात. फायबरवर जेलकोट नावाचा पातळ थर असतो. तो झिजला की खालचे धागे दिसू लागतात.

वजनाचाही अंदाज घ्या. पाच फुटांचा बिडाचा टब रिकामा असतानाच १३० ते १५० किलोंच्या आसपास भरतो. पोलादी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. ॲक्रिलिकचा दोन माणसं सहज उचलतात.

नुसता मळलाय की झिजलाय?

बरेच टब मळलेले असतात आणि आपण त्यांना झिजलेले समजतो. तांबडे डाग हे पाण्यातल्या लोहाचे किंवा गंजक्या पाइपाचे. पांढरा, खरखरीत थर जड पाण्यातल्या क्षारांचा. पांढऱ्या थरावर सौम्य व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, पुसायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. तांबड्या डागांवर लिंबू-मीठ चालतं. डाग हट्टी असेल तर हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिडची पूड मिळते. ती विषारी असते, म्हणून हातमोजे घालायचे आणि मुलांपासून लांब ठेवायची. इनॅमलवर कोणतंही आम्ल, अगदी लिंबूसुद्धा, रात्रभर ठेवू नये. त्याने चकाकी जाते.

आता दोन गोष्टी करू नका. संडास साफ करण्याचं ॲसिड टबात ओतू नका. एकदा ओतलं की इनॅमल कायमचं खरबरीत होतं आणि पुढे दुप्पट वेगाने मळतं. आणि ॲसिडवर ब्लीच कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात जीव गुदमरतो.

धुऊन वाळल्यावर तळावरून हात फिरवा. गुळगुळीत लागला तर तुमचं काम इथेच झालं, पैसे वाचले. खरखरीत लागला तर वरची काच झिजली आहे आणि ती घासून परत येणार नाही. ॲक्रिलिकच्या टबाला मात्र बारीक पॉलिशने बरीच चकाकी परत येते.

आमचा टब धुतल्यावर निम्मा उजळला. पण तळ खरखरीत लागला, दोन ठिकाणी रुपयाएवढे टवके होते आणि पाणी जाण्याच्या भोकाभोवती गंज चढला होता.

टवके भरणं

एखाद-दुसरा टवका असेल तर सबंध टबाला हात लावायची गरज नसते. टवक्यातला गंज पॉलिश पेपरने पूर्ण काढायचा, जागा कोरडी करायची, दोन भागांचं इपॉक्सी भरायचं, वाळल्यावर सपाट करायचं आणि वर जुळता रंग लावायचा. डाग ओळखू येतो, पण गंज थांबतो. टबातल्या टवक्यातून आत गेलेलं पाणी लोखंड आतून खात राहतं, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून घासा.

फायबरच्या टबाला तडा गेला असेल तर फायबरचं कापड आणि रेझिन लावून तो बुजवता येतो. पण तळ पायाखाली दबत असेल तर आधी खालून आधार द्यायला हवा. नाहीतर वरची दुरुस्ती चार महिन्यांत पुन्हा उलते.

सबंध टब रंगवणं

याला ‘री-ग्लेझिंग’ म्हणतात. नावावरून वाटतं की पुन्हा काच चढवतात, पण तसं नाही. भट्टीतली काच घरात चढवता येत नाही. घरी येऊन करतात ते रंगकामच असतं, फक्त चांगल्या दर्जाचं. टब धुऊन तेलकटपणा काढतात, ॲसिडने किंवा चिकटपणा आणणाऱ्या द्रावणाने पृष्ठभाग तयार करतात, टवके भरतात, घासतात, प्रायमर देतात आणि मग इपॉक्सीचा किंवा पॉलियुरेथेनचा रंग हार्डनर मिसळून फवारतात. पुढचे दोन-तीन दिवस टबाला पाणी लावायचं नाही.

काम मन लावून केलेलं असेल तर साधारण दहा वर्षं टिकतं. घाईत केलेलं असेल तर वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. पृष्ठभागाची तयारी नीट झाली की नाही, यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून कारागिराला तीन प्रश्न विचारा : पृष्ठभाग कशाने तयार करणार? जुना रंग असेल तर तो कशाने काढणार? आणि पापुद्रा निघाला तर किती महिन्यांत फुकट करून देणार, हे लिहून देणार का? आमच्या तालुक्यातला एक गॅरेजवाला ‘गाडीचा रंग मारून देतो’ म्हणाला. पहिल्याच प्रश्नावर तो हसू लागला, म्हणून मी नाही म्हटलं.

रंगवल्यानंतर खरखरीत पूड, तारेची घासणी आणि खाली चोषणीच्या वाट्या असलेली रबरी चटई बंद. त्या वाट्या रंग उचकटतात. ठिबकणारा नळ आधी दुरुस्त करा. आणि रंगवलेल्या टबात पिण्याचं पाणी साठवू नका.

जुना रंग काढायच्या द्रावणाबद्दलचा प्रश्न मी मुद्दाम विचारायला सांगितला. त्यात मिथिलीन क्लोराइड असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टबाच्या पोटात साचते आणि कारागीर तर डोकं आत घालूनच काम करत असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रंगवणारे १३ कामगार याच वाफेने दगावल्याची नोंद तिथल्या आरोग्य खात्याने केली आहे. २०१९ साली तिथे हे द्रावण घरगुती वापरासाठी विकायला बंदी आली. फवाऱ्याच्या रंगाची वाफही छातीला वाईट. तेव्हा खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा सुरू, कारागिराच्या तोंडावर वाफ अडवणारा योग्य मास्क, आणि दम्याची माणसं व लहान मुलं दोन दिवस दुसऱ्या घरी. कारागीर स्वतः मास्क नको म्हणाला तरी आग्रह धरा. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असतं.

वरून कवच आणि नवा टब

परदेशात जुन्या टबाच्या मापाचं ॲक्रिलिकचं कवच आत बसवतात. तोडफोड होत नाही. पण कवचाच्या आणि जुन्या टबाच्या मध्ये पाणी शिरलं की ते तिथेच कुजतं, वास येतो. माप तंतोतंत हवं. आपल्या गावाकडे हे करणारा शोधण्यातच वेळ जाईल, म्हणून मी त्यावर फार थांबले नाही.

नवा टब घेणं सोपं वाटतं, कारण दुकानात फक्त टबाची किंमत दिसते. आपल्याकडे टब विटांच्या बैठकीत बसवून बाजूने टाइल लावतात. तो काढायचा म्हणजे बैठक फोडायची, भिंतीच्या खालच्या दोन-तीन ओळी टाइल जाणार, सांडपाण्याचा पाइप बदलावा लागणार, खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागणार. आमच्या मिस्त्रीने दिलेला अंदाज असा : टब २४ हजार, बाकीचं काम ३० हजार. रंगवायला मुंबईहून माणूस बोलावला तर १२ हजार, शिवाय त्याचं येणं-जाणं आणि राहणं. आकडे आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. पण टबापेक्षा टबाभोवतीचं काम महाग पडतं, हे ध्यानात ठेवा.

जिला विचारायला हवं होतं

एवढी चौकशी करून मी वहीत तीन रकाने आखले, खर्च मांडला आणि दोघा भावांना फोन केला. भाऊ खूश. धाकट्याचं म्हणणं वरचढ ठरत होतं. रंगवायला माणूस कधी येईल, हेही मी विचारून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात मी चार दिवस माहेरी राहिले. पहाटे फज्रच्या आधी जाग आली, तर मागच्या पडवीत पाण्याचा आवाज. अम्मी जुन्या मोरीत पाटावर बसून आंघोळ करत होती. उठताना तिने एका हाताने तांब्याच्या हंड्याचा काठ धरला होता आणि हंडा हलत होता. मी धावत जाऊन तिला धरलं. दंडावर जुना काळानिळा डाग होता. फेब्रुवारीत ती तिथेच घसरली होती. कुणाला बोलली नव्हती.

मी विचारलं, “अम्मी, आतलं न्हाणीघर सोडून इथे कशाला?”

ती म्हणाली, “आत सगळी जागा त्या टबाने खाल्लीय. बसायला पाट मावत नाय. टबात चढायची माझी हिंमत नाय. पाय एवढा उचलतच नाय.”

“मग सांगितलं का नाहीस? आम्ही महिनाभर टबाचंच बोलतोय.”

“तुम्ही टबाचं बोलत होतात. मला कुणी काय विचारलं?”

अम्मी ७६ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले. वुजूसाठी पाय धुताना तिला भिंतीला टेकावं लागतं. आणि आम्ही तिन्ही भावंडं, शिकलेली, टब चमकवायचा की नवा आणायचा यावर वाद घालत होतो. नवा टबसुद्धा दीड-दोन फूट उंचच असता. रंगवलेला टब चमकला असता आणि ती मोरीतच आंघोळ करत राहिली असती. ही माझी चूक. टब कशाचा आहे ते बघा, असं मी वर लिहिलं. पण त्याच्याही आधी बघायचं ते हे, की त्या न्हाणीघरात रोज आंघोळ कोण करणार आहे.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली. भाईंचा दोन वर्षांचा नातू टबाच्या काठावर पोटावर लोंबकळत आतल्या पाण्यात हात घालताना सापडला. वहिनींनी वेळेत पाहिलं, अल्लाहचे आभार. एवढ्याशा पोराला बुडायला वीतभर पाणीही पुरतं. भरलेल्या टबात तर दीड-दोनशे लिटर पाणी असतं. ज्या घरात टब किंवा टाकी उघडी भरून ठेवतात, त्यांनी आजच तिच्यावर पक्कं झाकण किंवा दाराला वरची कडी लावावी. उघड्या साठवणीत डेंग्यूचे डास होतात, ते वेगळंच.

मग आम्ही काय केलं

टब काढला. त्या जागी पाय न उचलता आत जाता येईल अशी आंघोळीची जागा केली. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत, त्यांनी मिस्त्रीला पुढचं वाचून दाखवावं.

उतार : पाणी नहाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे, पण पाय घसरता कामा नये. दर फुटाला साधारण ४ मिलिमीटर उतार पुरतो. आंघोळीच्या जागेला उंबरठा ठेवला नाही, पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाहेरची फरशी किंचित चढती ठेवली.

वॉटरप्रूफिंग : फरशीखाली आणि भिंतीवर सगळीकडे एक फूट, फवाऱ्याच्या बाजूला सहा फूट. टाइल लावण्याआधी ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, पेन्सिलने खूण करायची आणि चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस तास थांबायचं. पाणी उतरलं तर गळती आहे. मिस्त्री घाई करेल. तुम्ही करू नका.

टाइल : लहान आकाराच्या, खरबरीत, न घसरणाऱ्या. दुकानात एका टाइलवर पाणी आणि साबण टाकून त्यावर ओला अंगठा घासून बघा. आमच्या दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण बघू दिलं.

आधाराचे दांडे : स्टेनलेस स्टीलचे, मुठीत मावतील असे, सव्वा ते दीड इंच जाड. एक बसण्याच्या जागेशेजारी, एक आत शिरताना, जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर. चोषणीच्या वाट्यांवर चिकटणारे दांडे माणसाच्या वजनाला भरवशाचे नाहीत. टॉवेल अडकवायच्या दांडीला तर कुणी धरूच नये. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र असतो, त्यात साधा प्लग ढिला होतो. मिस्त्रीने चिऱ्यात खोबणी करून काँक्रीट भरलं, आठ दिवस वाळू दिलं आणि मग त्यात अँकर बोल्ट घातले. नंतर मी त्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकून बघितलं. माझं वजन इथे सांगत नाही, पण दांडा हलला नाही.

बसण्याची जागा : भिंतीलगत बांधलेला कट्टा, ४५ सेंटिमीटर उंच. त्यावरून उठताना गुडघ्यांना त्रास होत नाही. समोर हाताशी येणारा खालचा नळ. त्याच कट्ट्यावर बसून अम्मी आता वुजू करते. पाय वर उचलून बेसिनात धरायचा प्रश्नच राहिला नाही.

दार : बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी. आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा.

सगळा खर्च ५२ हजार झाला. नव्या टबापेक्षा थोडा कमीच. तिघांनी वाटून घेतला. पाण्याचीही बचत झाली. टब भरायचा तर दीड-दोनशे लिटर, अम्मीची आंघोळ दीड बादलीत. मे महिन्यात ज्यांच्या दारात टँकर येतो, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

फ्लॅटमध्ये असाल तर

वरच्या मजल्यावर टब काढताना खालच्या घराचा विचार आधी. सोसायटीला लेखी कळवा, खालच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा आणि पाणी भरून ठेवण्याची चाचणी घेताना त्यांना छत बघायला सांगा. अनेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली उतरवून वर भराव घातलेला असतो. तो उपसावा लागला तर खर्च वाढतो, म्हणून अंदाज घेताना हे विचारून घ्या. बिडाचा टब काढायचा असेल तर कामगार तो घणाने फोडून तुकडे नेतात. इनॅमलचे कपचे डोळ्यांत उडतात, म्हणून त्यांना चष्मा द्या आणि मुलांना लांब ठेवा. लोखंड भंगारात जातं, त्याचे पैसे आधी बोलून घ्या.

आखातात भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाच्या परवानगीशिवाय टबाला हात लावता येत नाही. टब झिजला असेल तर इमारतीच्या देखभाल विभागाकडे लेखी तक्रार करा. गावाहून अम्मी-अब्बा राहायला येणार असतील तर टबाच्या दोन्ही काठांवर टेकणारी फळी किंवा अर्धी आत, अर्धी बाहेर राहणारी बैठक मिळते. माणूस बाहेर बसतो, सरकत आत जातो आणि मग एकेक पाय आत घेतो. पहिल्या दोन-तीन वेळा शेजारी उभे राहा. टब रंगवलेला नसेल तर तळाला रबरी चटई घाला आणि ती रोज उचलून वाळवा.

घरात सगळी धडधाकट माणसं असतील आणि टब आवडीने वापरला जात असेल, तर तो जरूर ठेवा. टवके भरा, हवं तर रंगवून घ्या. बिडाचा जुना टब आजच्या स्वस्त टबापेक्षा कितीतरी मजबूत असतो. टबाशी कुणाचं वैर नाही.

टब गेला कुठे?

धाकट्याला भंगार हा शब्द ऐकवेना. मग मिस्त्रीने तोडगा काढला. टब न फोडता बैठकीतून सोडवला. मागच्या दाराची चौकट रुंद होती. जमिनीवर लोखंडी पाइप टाकून त्यांवरून टब लोटत आठ माणसांनी तो वाडीत नेला. आता तो विहिरीजवळ माडाखाली आहे. वर जाळीची पक्की झडप बसवली आहे, कुलपासकट. शेंदलेलं पाणी त्यात पडतं आणि तिथून अळूला आणि मोगऱ्याला जातं. धाकटा कतारला परतण्याआधी एक दिवस तिथे बसून त्याने तो घासला, अब्बा घासायचे तसा, काठापासून खाली. कुणी त्याला काही बोललं नाही.

मागच्या आठवड्यात मी अम्मीला फोनवर विचारलं, “न्हाणीघर बरं आहे ना?”

“बरं आहे,” ती म्हणाली. “पण साबणाची खाच फार उंच ठेवलीत. तेही विचारलं असतं, तर सांगितलं असतं.”

पुढच्या जुम्म्याला मिस्त्री येतोय, खाच खाली घ्यायला.

पुढच्या अंकात पावसाळ्यापूर्वी कौलं आणि पन्हाळी कशी तपासायची, ते बघू. तुमच्या घरातलं अडलेलं काम असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यात वडील माणसाला एकदा विचारा, मग लिहा. खुदा हाफिज.